सुपारीखालच्या गोळ्या

मी एक जुना पानडबा आहे, मित्रांनो. पितळेचा, गोल, झाकणावर मोर असलेला. मोराची चोच आणि तुरा कधीच झिजून गेले, त्यामुळे नवखी माणसे त्याला कोंबडा म्हणतात. मी मनावर घेत नाही. ज्याने इतकी वर्षे एका घराचे तोंड रंगवले, त्याने एवढ्या-तेवढ्यावर रुसू नये.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या पितळेच्या भांड्यांचे एकेकाळी मोठे नाव होते. पत्रा तापवायचा, ठोकायचा, थंड होऊ द्यायचा आणि पुन्हा ठोकायचा, अशा ठोक्यांतून मी घडलो. तेव्हा दुखले का, असे तुम्ही विचाराल तर खरे सांगतो, फार दुखले. पण झाकण बसले, कडी लागली आणि चिंचेने घासून कारागिराने मला उन्हात ठेवले, तेव्हा रस्त्याने जाणारा माणूस थांबून बघू लागला. मग दुखणे विसरायला कितीसा वेळ लागतो!

माझी रचना आधी समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावरच घडले. झाकण उघडले की वर एक ताटली. तिच्यात चुना, कात, सुपारी आणि लवंग यांच्या चार वाट्या. ताटली उचलली की खाली पोकळ पोट. ते पोट विड्याच्या पानांसाठी. आलेल्या पाहुण्याला वरच्या वाट्या दिसतात. पोटात काय आहे ते घरच्या बाईलाच ठाऊक.

करडी गावच्या एका शेतकऱ्याच्या घरी मी गेलो आणि त्यांच्या पुष्पाचे लग्न झाले तेव्हा तिच्यासोबत तिच्या सासरी, एकोडी गावाला आलो. घर मोठे होते, धानाची शेती होती. थोरल्या जाऊबाई कुंताबाई. त्यांनी पहिल्याच दिवशी मला उघडून बघितले आणि म्हणाल्या, "डबा तं सुंदर हाय वो तुह्या मायचा. आता सुपारी मी कातरन, चुना तू लाव." तेव्हापासून दोघींचे जमले ते जमलेच. दुपारची कामे आटोपली की मला मध्ये ठेवून दोघी बसत. घरातली एकही गोष्ट अशी नव्हती की जी माझ्या वाट्यांवरून गेली नाही.

पुष्पाबाईंचे यजमान टेकचंदजी इंजिनिअर झाले आणि अमेरिकेत एका शहराच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरीला लागले. मीही विमानात बसलो. तिकडच्या विमानतळावर एका उंच साहेबाने माझा कात बोटावर घेऊन हुंगला आणि दुसऱ्या साहेबाला बोलावले. दोघे मिळून बराच वेळ हुंगत होते. शेवटी त्यांनी मला सोडले, पण कात ठेवून घेतला.

तिकडे विड्याचे पान कुठून मिळणार? हळूहळू माझ्यात बटणे आली, सुया आल्या, मुलगी गुंजन हिचे पडलेले दुधाचे दात आले. त्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही. पण पाहुणा आला आणि मला कुणी पुढे सरकवले नाही की जरा वाईट वाटायचे. मी फडताळात गप्प बसून असे.

गुंजन मोठी झाली, शिकली आणि नोकरीसाठी जर्मनीत जाऊन तिथेच संसाराला लागली. टेकचंदजी निवृत्त झाले. तोवर दोघांचे पासपोर्ट निळे, अमेरिकेचे झाले होते. मन मात्र धानाच्या बांधीत, गावच्या शेतातच राहिले होते. म्हणून दर हिवाळ्यात दोघे एकोडीला यायचे आणि उन्हाळा तापू लागला की परत जायचे. बोली तर दोघांची इतकी जशीच्या तशी राहिली होती की गावातली तरणी पोरेच त्यांच्यापुढे शहरी वाटत.

मधल्या काळात एक गोष्ट घडली होती, ती गावात कुणाला माहीत नव्हती. अमेरिकेत असताना पुष्पाबाईंच्या छातीत कळ आली होती. डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत बारीकशी जाळी बसवली आणि रोजच्या गोळ्या लावून दिल्या. शिवाय एक लहानशी तपकिरी बाटली दिली. कळ आली की त्यातली गोळी जिभेखाली ठेवायची. गोळ्या आणि बाटली कुठे ठेवाव्यात, हे पुष्पाबाईंना सांगावे लागले नाही. त्यांनी मला फडताळातून काढले.

त्या दिवशी मी किती सुखावलो! रोज सकाळी, रोज रात्री मला उघडणारा हात परत आला होता. मात्र एकोडीला आल्यावर पुष्पाबाई वरच्या वाट्यांत चुना, कात, सुपारी, लवंग भरून ठेवत आणि गोळ्या खाली पोटात ढकलत. कुंताबाईंनी पानांचे विचारले, तर म्हणत, "डब्यात पानं काळी पडते वो बाई, म्हणून ओल्या फडक्यात भाईर ठेवतो." कुंताबाईंचा विश्वास बसे. जावेवर अविश्वास दाखवायचे त्यांना कधी कारणच पडले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, आजारात लपवण्यासारखे काय? मित्रांनो, मलाही ते कळत नव्हते. पण माणसांचे वेगळे असते. अमेरिकेत राहून आलेली बाई आजारी निघाली तर गाव काय म्हणेल, ही एक भीती. त्यात यंदा दुसरी भर पडली. गुंजनला दिवस गेले होते. आई-बाबांनी एकोडीहूनच थेट जर्मनीला यावे आणि आईने बाळंतपण करावे, असे ठरले. आणि आमच्याकडे बायांची एक समजूत आहे. बाळंतपणाला निघालेल्या बाईच्या तोंडून बिमारीचे नाव निघू नये, ते बाळाला लागते.

घरात लाडवांची, दुपट्यांची घाई सुरू झाली. तेवढ्यात गुंजनचा फोन आला. टेकचंदजींचा एक कान जरा कमी चालतो, म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात. त्यामुळे जे त्यांना ऐकू येते ते अंगणालाही ऐकू येते.

"बाबा, तुम्ही दोघांचा विमा काढला का?"

"अवं, मेडिकेअर हाय ना आमच्यापाशी! अमेरिका सरकारचा विमा. त्याले कोण नाही म्हणन?"

"इथं चालत नाही ते बाबा. अमेरिकेची हद्द सोडली का ते कार्ड निस्तं प्लास्टिक हाय. इथल्या प्रवासापुरता वेगळा काढा."

टेकचंदजींना ते खरे वाटेना. पासष्टी ओलांडली तेव्हा मिळालेले ते कार्ड त्यांनी पाकिटात देवाच्या अंगाऱ्यासारखे जपले होते. शिवाय निळ्या पासपोर्टाची एक गंमत असते. भारताच्या पासपोर्टावर युरोपात जाणाऱ्याला व्हिसासाठी विमा दाखवावाच लागतो. थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्या अमेरिकेच्या पाहुण्याला व्हिसाच लागत नाही, मग विमा विचारणार कोण? पण गुंजन हट्टाला पेटली होती. शेवटी एका संध्याकाळी टेकचंदजींनी अमेरिकेतल्या एका विमा कंपनीला फोन लावला.

अंगणात नेमक्या बाया जमल्या होत्या. लेकीकडे न्यायचे नवे तांदूळ निवडणे चालले होते. फोनवरची बाई गोड बोलत होती आणि एकेक प्रश्न विचारत होती. तिचे इंग्रजी एकोडीच्या बायांना कुठून कळणार? पण मित्रांनो, हार्ट, शुगर आणि बीपी हे तीन शब्द आता कुठल्या गावाला कळत नाहीत? हार्ट म्हटल्याबरोबर सगळी सुपे थांबली.

शेजारच्या मंगलाबाईंनी विचारले, "काय म्हणून राहिली वो ते? हार्ट म्हणते?"

"काही नाही, कोणालेबी विचारते ते," पुष्पाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टेकचंदजींकडे बघून मान हलवली. नाही म्हणून सांगा.

टेकचंदजी घुटमळले. मग फोनमध्ये म्हणाले, "नो, नो. नो हार्ट. फस्क्लास."

सुपे पुन्हा हलू लागली. मी ओसरीवर होतो. माझ्या पोटात गोळ्या होत्या आणि तपकिरी बाटली होती. बोलता आले असते तर मी त्या क्षणी झाकण वाजवले असते. पण भांड्यांना दुसऱ्याच्या हाताशिवाय वाजता येत नाही.

निघायचा दिवस जवळ आला. बायांनी पुष्पाबाईंची ओटी भरायचे ठरवले. टेकचंदजी काही कामासाठी साकोलीला गेले होते. अंगणात सतरंज्या पडल्या, हळदीकुंकू झाले, कुणी चेष्टा केली की जर्मनीचे नातवंड आजीला मराठीत भोकाड पसरून दाखवणार की जर्मनमध्ये. पुष्पाबाई हसल्या आणि हसता हसता थांबल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांचा हात छातीवर गेला.

"नजर लागली वो माय!" मंगलाबाई ओरडल्या आणि मीठ-मिरच्या आणायला धावल्या. कुणी पदराने वारा घालू लागले, कुणी पाणी आणले. पुष्पाबाईंच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांनी बोट दाखवले. माझ्याकडे.

कुंताबाईंनी मला उचलून मांडीवर घेतले. "पान पायजे का तुले? थांब, थांब, देतो." आणि मित्रांनो, त्या माउलीने घाईघाईने विडा लावायला घेतला! ओल्या फडक्यातले पान पुसले, चुना लावला, कात लावला, सुपारी घातली, लवंग टोचली. जावेवरची सगळी माया त्यांनी त्या विड्यात घातली असेल. त्यांच्या बोटांखाली, एका पातळ ताटलीच्या खाली, जे हवे होते ते पडून होते. मी त्यांना काय सांगणार? इतका असहाय मी कधी झालो नव्हतो, ठोके खातानासुद्धा नाही.

विडा ओठांशी आला. पुष्पाबाईंनी उरल्यासुरल्या बळाने तो हात झिडकारला. तो फटका मला लागला आणि मी मांडीवरून खाली गेलो. ताटली निसटली, वाट्या उडाल्या, सुपारी अंगणभर झाली. आणि माझ्या पोटातून गोळ्यांच्या पट्ट्या आणि ती बाटली सतरंजीवर येऊन पडली.

पुष्पाबाईंनी बाटलीकडे हात केला. कुंताबाईंनी ती उघडली, पुष्पाबाईंनी जीभ उचलून दाखवली आणि गोळी एकदाची जिभेखाली गेली. थोड्या वेळाने त्यांचा श्वास सुधारला. आयुष्यभर मी कधी सांडलो नाही याचा मला मोठा अभिमान होता. पण त्या दिवशी सांडलो ते फार बरे झाले.

पुष्पाबाईंना भंडाऱ्याला दवाखान्यात नेले. धोका टळला होता. डॉक्टरांनी औषधे बदलून दिली आणि चार दिवसांनी घरी पाठवले. घरी आल्यावर कुंताबाई त्यांच्या उशाशी बसल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त कठीण होते.

"मले बी नाही सांगतलं तू?" एवढेच म्हणाल्या.

पुष्पाबाईंना रडू आले. "बाळाले लागन म्हणून वो बाई."

"अना तुले काही झालं असतं तं ते नसतं लागलं बाळाले?"

टेकचंदजी दाराशी उभे राहून ऐकत होते. तिकिटे पुढे ढकलली होती, पण बाळ काही कुणासाठी थांबणार नव्हते. ते चाचरत म्हणाले, "डॉक्टर म्हणते आठ-दहा रोजात जाता येते. विमा तं काढला हाय. तेवढं कंपनीले सांगाची काय गरज हाय? इथली गोष्ट तिकडे कोण सांगन?"

टेकचंदजी वाईट माणूस नाहीत, मित्रांनो. लेकीकडे जायच्या ओढीने बोलत होते. कुंताबाई म्हणाल्या, "भाऊजी, कंपनीले मालूम नाही, पण तिच्या दिलाले तं मालूम हाय ना."

पुष्पाबाई उठून बसल्या. "तिकडे पुन्हा असं झालं तं? विमेवाले म्हणतीन का हे जुनं हाय, तुम्ही लपवलं. मग पोट घेऊन ते पोट्टी माह्या मागं दवाखान्यात पळन. बाळंतपण कोणाचं होईन, तिचं का माहं? लावा फोन."

"आता? भाईर बाया बसल्या हायेत."

"असू द्या."

बाया खरोखरच बाहेर बसल्या होत्या, तब्येत विचारायला आलेल्या. फोन लागला, नेहमीसारखा मोठ्या आवाजात. टेकचंदजी इंग्रजीत सांगू लागले, तेव्हा पुष्पाबाईंनी फोन हातात घेतला. अमेरिकेत इतकी वर्षे काढलेल्या बाईला इंग्रजी येत होतेच. त्यांनी सगळे सांगितले. जाळी, गोळ्या, अंगणात आलेली कळ, बदललेली औषधे. मधूनच आपल्या बोलीत, अंगणाकडे तोंड करून म्हणाल्या, "हो, मले दिलाची बिमारी हाय. दोन सालापासून हाय."

पलीकडची बाई गोडच बोलली, पण जे बोलली ते गोड नव्हते. पहिल्या वेळी सांगितले असते, तर औषधे तेव्हा बऱ्याच महिन्यांपासून तीच होती, म्हणून हृदयाचा आजारही विम्यात धरता आला असता. आता औषध बदलले आहे. ते काही महिने स्थिर राहीपर्यंत ताप, पडणे, हात मोडणे यांचे संरक्षण देऊ, हृदयाचे देता येणार नाही.

म्हणजे लपवल्याने जाता येईल असे वाटले होते, आणि लपवल्यानेच जाणे राहिले. त्या एका 'नो हार्ट'ने. टेकचंदजी डोके धरून बसले. पुष्पाबाईंनी फोन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी नाही जात आता. तुम्ही जा."

"मी? मी जाऊन काय करू बाळंतपणात?"

"लाडू करता येते का?"

"नाही."

"मंग शिका."

आणि मित्रांनो, एकोडीने कधी बघितले नव्हते ते बघितले. शहराचे पाणी सांभाळलेले सत्तरीचे टेकचंदजी चुलीपुढे बसले आणि कुंताबाई त्यांना डिंक तळायला शिकवू लागल्या. डिंक फुलण्याऐवजी काळा झाला की बाया तोंडाला पदर लावत. तेल किती कोमट करायचे, शेक कसा द्यायचा, बाळाला आंघोळीला पायांवर कसे घ्यायचे, हे मंगलाबाईंनी उशी घेऊन दाखवले. टेकचंदजींनी उशी दोनदा पाडली. तिसऱ्या दिवशी मात्र नीट धरली. मग ते एकटेच निघाले. पुष्पाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना किती रडू येत होते, ते त्यांनी मला धरले होते म्हणून मला कळले.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट सुरू झाली. मंगलाबाई एकदा सुपारी घ्यायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पुष्पाबाई, मलेबी शुगर निघाली हाय. घरी कोणाले सांगतलं नाही." पुष्पाबाईंनी त्यांना त्याच दिवशी घरी सांगायला लावले. पाठोपाठ आणखी दोघी-तिघी बोलल्या. किती घरांच्या फडताळांत, पिठाच्या डब्यात, देवघरामागे गोळ्या लपल्या होत्या कोण जाणे.

मित्रांनो, मी जुनी वस्तू. तुमच्या घरी पानडबा नसेलही. पण आजी असेल, आजोबा असतील. ते गावाला निघोत की परदेशी, त्यांच्या औषधांचे नाव घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. विमेवाला विचारेल तेव्हा जे आहे ते सांगा. नुसते पितळ घासून चकचकीत ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. आत काय आहे हे कुणीतरी उघडून बघावे लागते.

टेकचंदजी गेल्यावर पंधरवड्याने एका दुपारी फोन आला. नात झाली होती. अंगणात बाया गोळा झाल्या. फोनमध्ये टेकचंदजी दिसले. त्यांनी दुपट्यात गुंडाळलेले बाळ अगदी नीट धरले होते. गुंजन मागे पडून हसत होती. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "आई, तू कधी येशील वो?"

पुष्पाबाईंनी डोळे पुसले. त्या फोनच्या अगदी जवळ गेल्या आणि बाळाशी बोलल्या. पहिल्यांदाच, सगळ्या बायांसमोर, खणखणीत आवाजात.

"ऐकून राहिली का वो माह्ये बाई? तुह्या आजीले दिलाची बिमारी हाय. आजी दवाई घेऊन राहिली. दवाईचं जमलं का आजी येते."

बाळाने जांभई दिली.